इंजिनाला घातलेला घास

महादूने इंजिन आणलं तेव्हापासून मुरबाडच्या बाजारात तो जरा मान वर करूनच चालायचा. इंजिन काही नवं नव्हतं. भिवंडीकडच्या कुठल्याशा कारखान्यात इंजिनाने अर्धं आयुष्य काढलं होतं. पण सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्याच्या गावात तेलावर चालणारं यंत्र आलं ते हेच पहिलं. भाताची गिरणी सुरू झाली की लोक आपल्याला शेट म्हणतील, असं त्याच्या मनात होतं. हे तो कोणाजवळ बोलला नव्हता. पण अलीकडे रोज धुतलेलं धोतर मागायला लागला होता, त्यावरून बायकोने काय ते ओळखलं होतं.

दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी उलटली होती, नवं भात खळ्यावरून घरात आलं होतं. इंजिनाबरोबर कल्याणहून गोमा मिस्त्री आला. त्याने ते छपरीत बसवलं आणि दुपारी चालवूनही दाखवलं. धडधड ऐकून बैलांनी दावी तोडली. सकाळी गावासमोर गिरणी सुरू करायची ठरली.

संध्याकाळी मिस्त्री हातपाय धुवायला ओढ्यावर गेला, तेव्हा महादूने इंजिनाची पूजा केली. घरात नवं जातं आलं की काय करतात ते त्याला ठाऊक होतं, म्हणून सगळं तसंच केलं. हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, हात जोडले. शेजारची बाईजाकाकी दाराशी उभी राहून बघत होती. गावाचं निम्मं भात तिच्या मुसळाखाली कांडलं जायचं. त्यावरच तिचं पोट होतं. "म्हादू, चांगलं मोठं हाय रे तुजं जातं," एवढंच म्हणून ती गेली.

सकाळी नारळ फुटला. मिस्त्रीने हँडल लावलं आणि जोर केला. मोठं चाक एक फेरा फिरलं न फिरलं, आणि खट्ट करून थांबलं. पुन्हा जोर केला, पुन्हा खट्ट. धाकलू पाटील मदतीला धावला. दोघं लोंबकळले, पण चाक ढिम्म.

"थंडीनं आखडलंय," कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हसलं. महादूचे कान तापले.

मिस्त्रीने आधी गिरणीचा पट्टा काढला. गिरणी अडली असेल तर इंजिन आता मोकळं फिरेल, म्हणाला. नाही फिरलं. मग आतला दाब सोडायचा खटका वर केला. तरी नाही. मग त्याने चाक उलटं फिरवलं. उलटं ते लोण्यासारखं आलं आणि दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा थांबलं. तो थांबला, डोकं खाजवलं, खडूने चाकावर खूण केली. चार वेळा फिरवून बघितलं. चारही वेळा खूण त्याच जागी.

"बेरिंग धरलं असतं तर कुठंही अडलं असतं," तो म्हणाला. "हे एकाच जागी अडतंय. आतला दट्ट्या, पिस्टन, वर जातो आणि वरच्या टोकाला काहीतरी लागतं. आत काय तरी पडलंय."

"पडलंय, का टाकलंय?" महादूने विचारलं.

हे विचारलं तेव्हाच त्याची नजर गर्दीत उभ्या असलेल्या बाईजाकडे गेली होती. गिरणी बंद राहिली तर कोणाचं भलं होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि काल संध्याकाळी इथे दुसरं होतं कोण?

"काकी, काल तूच आली होतीस."

"आले होते. बघायला."

"नुसतं बघायला?"

लोक कुजबुजायला लागले. महादूला थांबता आलं असतं. पण सगळ्या गावासमोर हसं झालेल्या माणसाला कोणीतरी चोर लागतोच. त्याने घरातून तांदूळ आणवले आणि तिच्या ओंजळीत घातले. "घे गावदेवीची शपथ. हात नाय लावला म्हणून सांग."

साठीची बाई. महादूच्या आईच्या बाळंतपणात हिनेच त्याला पहिली आंघोळ घातली होती. तिने ओंजळ कपाळाला लावली आणि म्हणाली, "तुज्या इंजिनाला मी हात लावला असंल तर देवी माजं बघून घेईल."

तोवर मिस्त्रीने वरचे नट सोडवले होते. दोघातिघांनी मिळून इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं जड झाकण, उचललं. मिस्त्री वाकला, बोटाने आतून काहीतरी खरवडलं आणि तळहात पुढे केला. तेलात माखलेले, चेंगरलेले भाताचे दाणे.

"भात!" धाकलू ओरडला. "बघा, भातच! कांडणारीशिवाय कोण घालणार? खोटी शपथ खाल्लीन!"

गलका झाला. पाटलाने बाईजाच्या दंडाला धरलं. हिला गावाबाहेर काढा, असंही कोणी म्हणालं.

महादू मिस्त्रीच्या तळहाताकडे बघत होता. दाण्यांना तेल लागलं होतं, तरी टरफलावर हळद दिसत होती. पिवळी, त्याच्याच घरची. नवं जातं रिकाम्या तोंडाने ठेवू नये, पहिला घास मालकाने आपल्या हाताने घालावा. आई सांगायची, आजी सांगायची. हवा ओढायच्या त्या वर वळलेल्या नळीचं तोंड काल उघडं होतं, आणि त्याने हळद लावलेल्या नव्या भाताची मूठ भक्तिभावाने तिच्यात सोडली होती.

बाईजा त्याच्याकडेच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. त्याला ती नजर सोसवेना, म्हणून त्याने मान फिरवून चाकावरच्या खडूच्या खुणेकडे बघितलं. लाज वाटली ती तेव्हाच. आणि लाज वाटूनही त्याने तोंड उघडलं नाही. धाकलूने तिला ओढत छपरीच्या बाहेर नेलं, तिच्या ओंजळीतले तांदूळ उंबऱ्यावर सांडले, तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली.

"सोड तिला. मीच घातले. घास म्हणून."

आणि हसू फुटलं. इंजिनाला जेवायला घातलंन म्हणून लोक पोट धरधरून हसले, मिस्त्रीने कपाळावर हात मारला. काही वेळापूर्वी याच हसण्याची त्याला भीती वाटली होती. आता ते त्याला टोचलंसुद्धा नाही. तो बाईजापाशी गेला.

"काकी, तू काल बघितलं होतंस ना मला घास घालताना?"

"बघितलं."

"मग बोलली का नाय?"

"मला तरी काय ठाव घासानं इंजिन अडतं म्हणून? दाणे निघाले तेव्हा समजलं." तिने दंड चोळला. "तेव्हा वाटलं, तू बोलशील."

दुपारपर्यंत मिस्त्रीने सगळं पुसून, तेल घालून, डोकं परत बसवलं. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. छप्पर हादरलं, पोरं नाचली. महादूने भाताची टोपली उचलली आणि सगळ्यांदेखत बाईजाच्या अंगणात जाऊन तिच्यापुढे धरली. गिरणीत पहिलं भात तिच्या हातचं पडावं, एवढीच त्याची इच्छा होती. तेवढ्याने सकाळचं सगळं भरून येईल, असं त्याला खरंच वाटलं होतं.

बाईजा उखळापाशी बसली होती. तिने टोपली त्याच्याकडे परत सरकवली.

"पहिला घास मालकानंच घालावा," ती म्हणाली. "तुमीच घाला, महादूशेट."

त्याला शेट म्हणणारी गावातली पहिली तीच. टोपली घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि मागे इंजिन एकसारखं धडधडत होतं.