घनश्याम थापाचा फॉर्म

आम्रपाली गजभिये तिसरीच्या वर्गाला शिकवायची, पण महिनाभर तिनं वर्गाचं तोंड पाहिलं नव्हतं. मतदार यादीची तपासणी सुरू होती आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या तिच्या वॉर्डातले अकराशे मतदार तिच्या गळ्यात पडले होते. घरोघरी फॉर्म द्यायचा, भरून घ्यायचा, वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत त्या माणसाचं किंवा त्याच्या आईबापाचं नाव शोधायचं आणि मग सगळं मोबाइलवर चढवायचं. सर्व्हर बसला की लोक तिच्यावरच ओरडायचे.

तिचं स्वतःचं नावही इथल्या जुन्या यादीत नव्हतं. ती लग्न होऊन गोंदियाकडून आलेली. राजेगावची हद्द ओलांडली की तासाभरात माहेर, पण राज्य दुसरं, महाराष्ट्र. भावानं तिकडच्या यादीतलं बापाचं पान काढून पाठवलं, तेव्हा कुठं तिचा फॉर्म पुरा झाला. "आप तो बाहर की हैं ना, मॅडम," तहसीलमधला बाबू सहज म्हणाला होता. बावीस वर्षांत हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते लागतही नव्हतं.

त्या दिवशी तिचं पहिलं घर कालिंदीबाईंचं होतं. त्यांचे यजमान सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "नीट चौकशी करा हो सगळ्यांची. कोण कुठून येऊन बसतं, पत्ता लागत नाही. सीमा म्हणून काही असते की नाही?"

"इथं सही करा, काकू."

"आमचा अनुराग कॅनडात आहे, त्याचा फॉर्म कसा भरायचा? बिचारा वैतागलाय. परवा दुकानात त्याला कुणी तोंडावर म्हणालं, परत जा तुमच्या देशात. इतका टॅक्स भरतो तो!"

"त्याची सही तुम्ही करू शकता. नात्याच्या रकान्यात 'आई' लिहा," आम्रपाली म्हणाली. तिला अजून एकोणीस घरं करायची होती.

गल्लीच्या शेवटी वीरेंद्रचं घर होतं. खाली त्याचं हार्डवेअरचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत घनश्याम थापा भाड्यानं राहायचा. घनश्याम लालबर्रा रोडवरच्या राइस मिलमध्ये बॉयलर सांभाळायचा. पन्नाशीचा, ठेंगणा, बॉयलरच्या धगीनं हातावरचे केस करपलेला. बायको शीला बैहरकडची गोंड. चार वर्षांपूर्वी काविळीत गेली. मुलगी दीपिका नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. वर्षानुवर्षं याच गल्लीत राहून तो गल्लीचीच मराठी बोलायचा.

त्यानं फॉर्म कोराच परत दिला.

"काहून भरला नाही, भाऊ?"

"काय भरू, मॅडम? बापाचं नाव कोणत्या यादीत सापडन? बाप तं पोखराच्या वरच्या गावात मेला."

आम्रपाली दारातल्या पायरीवर बसली. "मंग तुमचं वोटर कार्ड बनलं कसं?"

"वीरेंद्रभाऊच्या बाबूजींनी बनवून देल्लं. इलेक्शन होतं. दहा-बारा जणांले टेंपोत बसवून फोटो काढाले नेलं. मी म्हटलं, मी नेपालचा आहो. ते म्हणे, अरे तू तो अपना आदमी है."

"मंग तिकडचा कागद असन ना? नागरिकता?"

"तो सोळा वर्षांनंतर भेटते. मी चौदाव्या वर्षीच निघालो. सोनौलीले बॉर्डर पायी पार केली. कोणी नाव बी नाही विचारलं. मायच्या मयतीले गेलतो, तवा बी नाही विचारलं. मले वाटे, नाही विचारत म्हणजे चांगलंच आहे."

तेवढ्यात वीरेंद्र दुकानातून आला. त्याच्या हातात एक कागद होता. घनश्यामच्या नावावर त्यानंच हरकत घेतली होती.

"मॅडम, मुझे गलत मत समझना. माणूस चांगला आहे. पण वॉर्डात चर्चा होऊन राह्यली. ग्रुपवर लोक लिहितात, वीरेंद्र के घर में विदेशी. उद्या मले नगरपालिकेचं तिकीट मागायचं आहे."

"कार्ड तर तुमच्याच बाबूजींनी बनवलं."

"तब का जमाना अलग था," वीरेंद्र म्हणाला आणि घनश्यामकडे न बघता दुकानात गेला.

नियम सरळ होता. नेपाळचा माणूस इथं राहू शकतो, काम करू शकतो, मत देऊ शकत नाही. घनश्यामनं चारदा मत दिलं होतं, दर वेळी सकाळी आंघोळ करून.

"नाव काढून टाका, मॅडम," तो म्हणाला. "माझं सोडा. पोरीचं पाहा."

दीपिका आत उभी राहून ऐकत होती. ती अठराची झाल्यावर नाव घालायला गेली, तेव्हा बापाचं नाव जुन्या यादीत न मिळाल्यानं तिचा अर्ज अडकला होता. ती बाहेर आली. "मी इथंच जन्मली, मॅडम, इथल्या सरकारी दवाखान्यात. तरी कॉलेजमध्ये मला चायना म्हणतात. आता म्हणतील, विदेशी."

"तुझी माय इथली होती ना," आम्रपाली म्हणाली. "तिचं नाव शोधू आपण जुन्या यादीत."

मोबाइलवरच्या जुन्या यादीत अक्षरं पुसट होती आणि शीलाचं माहेरचं गाव नीट उघडत नव्हतं. रविवारी आम्रपाली दीपिकाला घेऊन बैहरला निघाली, तेव्हा तिचा नवरा रवी चिडला.

"एक सुट्टी भेटली तुले. त्या गावचं काम तुह्या वॉर्डात येते काय?"

"नाही येत."

"मंग?"

"मंग काही नाही. संध्याकाळी येईन मी."

दीपिका बसमध्ये खिडकीशी बसली होती. बैहरहून पुढं जीपनं दोघी शीलाच्या गावात पोचल्या, तर तिथला यादीवाला मास्तर जेवायला गेलेला. दीड तासानं तो आला. त्याचेही डोळे झोपेनं तारवटलेले. त्यानं कपाटातून दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काढला. शीला नावाची बाई त्यात नव्हती. आम्रपालीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, घर नंबर पाहत. शेवटी दीपिकानंच आजोबांचं नाव ओळखलं. त्याच्याखाली लिहिलं होतं : सिलीया बाई, वय २०.

"हेच," दीपिका म्हणाली. "मामा तिला सिलीयाच म्हणायचा." आणि ती त्या पानावर हात ठेवून रडू लागली. मास्तरनं पंखा तिच्याकडे वळवला.

नावातल्या फरकासाठी मामाचा जबाब लागला, सरपंचाचा शिक्का लागला, मग तहसीलमध्ये सुनावणी. घनश्यामचीही त्याच दिवशी होती. अधिकारी वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "भारत के नागरिक हो?" घनश्याम म्हणाला, "नहीं साहब." इतक्या लवकर उत्तर येईल असं अधिकाऱ्याला वाटलं नसावं. त्यानं मान वर केली, काही विचारायला गेला, मग सही करून कागद पुढं सरकवला. दीपिकाचं नाव मंजूर झालं, घनश्यामचं कटलं. आम्रपाली दोन्ही कागदांवर साक्षीदार होती.

गल्लीत त्याचा अर्थ वेगळाच निघाला. घनश्याम पकडला गेला, त्याला परत पाठवणार, अशी चर्चा झाली. आम्रपालीनं हार्डवेअरच्या दुकानासमोर उभं राहून चार जणांना सांगितलं, "फक्त मताचं नाव कटलं. त्याले इथं राहाले कोणी मना करू शकत नाही. कायदा आहे तसा." लोकांनी हौ हौ केलं. कालिंदीबाई म्हणाल्या, "ते खरं हो, पण नाव कापलं म्हणजे काहीतरी असेलच ना?" पंधरा दिवसांनी वीरेंद्रनं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. भांडण केलं नाही. सामान न्यायला स्वतःचा टेंपो दिला.

घनश्याम मिलच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये गेला, लालबर्ऱ्याकडे. जाताना आम्रपालीच्या घरी आला, पण आत बसला नाही.

"तुम्ही लय केलं, मॅडम."

"मी तं तुमचं नाव काटलं, भाऊ."

"ते तं काटाचंच होतं." त्यानं फाटकाची कडी लावून घेतली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. "फक्त एक वाटते. तिकडच्या यादीत नाही, इकडच्या यादीत नाही. कुठंतरी तं पाहिजे होतं."

तो सायकल घेऊन गेला.

महिन्याभरानं शाळा नीट सुरू झाली. एका दुपारी मधल्या सुट्टीत दीपिका आली. बस बदलून आली होती, कपाळावर घाम होता.

"मॅडम, पत्ता बदलला ना आमचा. नाव इथून तिकडं न्यावं लागेल म्हणतात. नाही तर तिथले लोक पुन्हा हरकत घेतील."

"पुन्हा?" आम्रपालीच्या तोंडून निघालं. मग तिनं डबा बाजूला सरकवला. बाकावर बसायला सांगून तिनं कपाटातून फॉर्म काढला. दीपिकानं आपलं नाव लिहिलं, मग आईचं. रकान्यात शीला लिहून ती थांबली.

"सिलीया लिहू का?"

"यादीत आहे तसं लिही," आम्रपाली म्हणाली आणि मिलचा पत्ता काय ते तिला विचारू लागली.