दुधासोबतची गोळी

त्या हिवाळ्यात आमच्या घरात गोभी आली नाही. ना फुलगोभी, ना पत्तागोभी. माळव्यात थंडी काढायची आणि गोभी खायची नाही म्हणजे संन्यासच, पण अक्कांचा हुकूम होता. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई; दूधवाल्यापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. शेजारच्या सुमंगलाकाकूंनी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की थायरॉइडवालीला गोभी म्हणजे विष. मला थायरॉइड होता आणि दिवसही गेले होते. झालं, गोभी हद्दपार. माझा नवरा पियुष कारखान्याच्या कँटीनमध्ये चोरून गोभीचे पराठे हाणायचा आणि घरी येऊन भाबडा चेहरा करायचा. मी वासावरून पकडायची.

थायरॉइड मी माहेरून आणलेला, धारहून. लग्नाआधी तिथल्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सुबह एक गोली' एवढंच लिहून दिलं होतं. उठल्याउठल्या पाण्याबरोबर गिळायची आणि कामाला लागायचं. आई लहानपणीच गेली, त्यामुळे गोळी घेतलीस का, असं विचारणारं कुणी नव्हतं. देवासला सासरी आल्यावर, दिवस राहिले तसं अक्कांनी गोळ्यांची पट्टी स्वतःच्या ताब्यात घेतली.

"अनशापोटी औषध घेतेस? अगं, दोन जिवांची आहेस तू. आतडी जळतील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी डोळे उघडायच्या आत ग्लास हजर. गरम दूध, गूळ, वेलची आणि वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. सोयाबीनसारखी ताकद कशात नाही, असं सासरे सांगायचे म्हणे. ते हयातभर सोयाबीन तेलाच्या प्लँटमध्ये होते. ग्लासाबरोबर गोळी, आणि विसरायला नको म्हणून लोहाची आणि कॅल्शियमचीही त्याच घोटाला. ग्लास रिकामा होईपर्यंत अक्का पलंगाच्या कडेला बसून राहायच्या, माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? इतक्या लाडानं मला कुणी कधी उठवलं नव्हतं.

अंगात मात्र जीव येईना. बसल्या जागी डोळे मिटायचे, पाय सुजायचे, कंगव्यात केसांचे पुंजके निघायचे. पुढच्या तपासणीत थायरॉइडचा आकडा वाढलेला निघाला. इथल्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, अक्कांनी ग्लास वाढवला.

संक्रांतीनंतर बाळ गेलं. पाचवा महिना होता. मुलगा होता.

मी रडले, ओरडले. पियुषवर, नर्सवर, जो समोर येईल त्याच्यावर. अक्का रडल्या नाहीत. त्या मला भरवत राहिल्या.

पुन्हा उभी राहायला लागल्यावर पियुषनं इंदूरच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. अक्का हट्टानं बसमध्ये चढल्या. पोरीला काय खायला द्यायचं ते मला नीट विचारायचंय, म्हणाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जुने रिपोर्ट पाहिले आणि मला विचारलं, "गोली कैसे लेती हो?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलल्या. "मैं खुद देती हूँ, डॉक्टरसाब. एक दिन नागा नहीं. गरम दूध के साथ, सोयाबीन डाल के. लोहे की और कैल्शियम की भी साथ में ही." आवाजात कसा अभिमान होता!

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अम्माजी, ये गोली खाली पेट लेते हैं, सिर्फ पानी से. दूध, सोया, लोहा, कैल्शियम साथ में हो तो शरीर को पूरी लगती नहीं. नाश्ता घंटे भर बाद, और लोहा-कैल्शियम चार घंटे बाद."

"और गोभी?" अक्कांनी विचारलं. "हमने तो गोभी बंद कर दी थी."

"पकी हुई गोभी से कुछ नहीं बिगड़ता."

अक्कांनी पदर मुठीत धरला. "तो बच्चा… इसी से?"

"पक्का नहीं कह सकते. वजहें बहुत होती हैं. और आपको किसी ने बताया ही नहीं था, अम्माजी."

बाई चांगल्या होत्या, जपून बोलल्या. पण परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीकडे तोंड करून एवढंच म्हणाल्या, "नाही म्हणाल्या नाहीत त्या."

'तुमची चूक नाही, अक्का', हे वाक्य देवास येईपर्यंत माझ्या ओठांवर होतं. ते खरंही होतं. पण निघेना. मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. होत्या त्या अक्काच, आणि त्यांच्याइतकं माझं कुणी केलं नव्हतं. रात्री घरी पियुषनं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा मी त्याला झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लास आला नाही. पट्टी माझ्या उशाशी ठेवलेली होती. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले. अक्का ओट्याला टेकून उभ्या होत्या, गॅस पेटवलेला नव्हता.

"आजपासून तुझी तू घे, अपेक्षा. माझ्या हातून नको."

मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि हात पसरला. "तुम्हीच द्या."

बराच वेळ त्यांना पट्टीतून गोळी काढताच येईना. शेवटी निघाली. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि पेल्यात साधं पाणी ओतून दिलं. मी गिळली. मग दोघी तिथेच फरशीवर बसलो. आता तासभर काही खायचं नव्हतं.

"भूक लागली असेल ना गं?" त्यांनी विचारलं.

"लागू दे."

त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडायला लागल्या.

"रोज समोर बसून तुला पाजलं गं मी. आणि माझं लेकरू तुझ्या पोटात उपाशी होतं."

मी त्यांना जवळ घेतलं. 'नाही' असं मलाही म्हणता आलं नाही.