दुसऱ्या स्टँडवरचा माईक

मित्रांनो, डोक्याला पोचा पडलेला, जाळीचा रंग उडालेला मी एक म्हातारा माईक आहे. स्टेजच्या मधोमध जो चकचकीत, बिनवायरचा माईक मिरवत असतो, तो मी नव्हे. त्याच्या बाजूला, ढोलकीच्या आडोशाला जो गुपचूप उभा असतो ना, तो मी. तुमची नजर माझ्यावर सहसा जात नाही. असू दे, मला सवय आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, पण ते खोकं उंदरांनी खाल्लं. विठूने मला म्हापशाच्या दुकानातून मोटारसायकलवरून पेडण्याला आणलं, एवढं आठवतं. विठू हा आमच्या छोट्या बँडचा साउंडवाला. गिटार वाजवत गाणारा देवेश, एक कीबोर्ड आणि एक ढोलकी, एवढाच आमचा संसार. तेव्हा मधली जागा माझी होती. देवेश गाऊ लागला की लग्नाच्या मंडपातली माणसं हातातला घास हातात धरून ऐकत. एका सरपंचांना तर मी इतका आवडलो की ते मला सोडायलाच तयार होईनात.

मग एका लग्नात कुणाचा तरी पाय अडकला आणि मी स्टेजवरून खाली डोक्यावर आपटलो. डोक्याला पोचा आला आणि माझ्या जागी तो चकचकीत पाहुणा आला. मी सामानाच्या पेटीत, वायरींच्या गुंत्यात पडून राहिलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला पुन्हा बाहेर काढलं ते गौरवीसाठी. ही पेडण्यातल्या औषधांच्या दुकानात कामाला जाणारी मुलगी. तिचे वडील भिकाजीबुवा म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले भजनीबुवा. देवेशच्या मनात आलं, आपल्या गाण्याला मागून दुसरा आवाज हवा; तोच सूर नव्हे, त्याच्या थोडा वरचा, त्याला धरून चालणारा. त्याने गौरवीला बोलावलं.

पहिल्या दिवशी काय गंमत झाली सांगू? देवेशने ओळ गायली. गौरवी शांत उभी राहिली आणि त्याची ओळ संपल्यावर तीच ओळ तिने खणखणीत उचलली. भजनात वाढलेली पोर ती. बुवांनी म्हणायचं आणि आपण मागून उचलायचं, हेच तिला ठाऊक. ढोलकीवाला हसून हसून बेजार झाला.

देवेश म्हणाला, "गे, माझ्या मागसून नको. माझ्यावांगडा गा." म्हणजे माझ्या सोबतच गा.

सोबत गाऊ लागली तर तिचा आवाज घसरून देवेशच्याच सुरावर जाऊन बसायचा. पण पोरगी मोठी चिवट. एका कानात बोट घालून, बाजाच्या पेटीवर आपला सूर धरून ती तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा घोटायची. देवेश सा वर असला की ही ग वर. तो श्वास घेईल तिथे हिचा श्वास, तो शब्द सोडेल तिथे हिचाही सुटायचा. वरचा सूर आला की ती माझ्यापासून वीतभर मागे सरायची, देवेशच्या आवाजावर आपला आवाज चढू नये म्हणून. मी किती गळे ऐकले, पण इतकं सुंदर गाऊन इतकं मागे राहणारा गळा मी दुसरा ऐकला नाही. आणि गाणं संपलं की ती माझी जाळी रुमालाने पुसायची. मला कुणी पुसतं, हेच मी विसरलो होतो.

बुवांना मात्र हे पटेना. घरी त्यांनी तिचा रियाज ऐकला आणि सरळ सरावाच्या जागी येऊन उभे राहिले.

"भजनात वाडलंस आणि आता वाकडा गातंस?" ते म्हणाले. "मुख्य आवाज जंय जाता, थंय आपण जावचा. सरळ गा, नायतर सोडून दी."

"बाबा, ता वाकडा नाय," गौरवी हळू म्हणाली. "एकदा लोकांत बसून आयका. मगे सोड म्हणालात तर सोडतंय."

बुवा म्हणाले, बरं.

तो कार्यक्रम लाटंबार्से गावात होता, देवळापुढच्या मांडवात, दिवस कलताना. बुवा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले, मान खाली घालून. पहिल्या गाण्याला ते हलले नाहीत. दुसऱ्याला त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली, पण चेहरा तसाच.

आणि तिसऱ्या गाण्यात माझा घात झाला. विठूला वायर कोपराभोवती करकचून गुंडाळायची खोड. पिळून पिळून ती आतून तुटत आली होती. नेमकी धृपदाला ती गेली आणि मी मुका झालो. गौरवी गात होती, मला सगळं ऐकू येत होतं, पण स्पीकरपर्यंत काही जात नव्हतं. देवेश एकटा गात राहिला, आणि छान गात होता. तरी लोक चुळबुळ करू लागले. काय बिनसलं ते कुणालाच सांगता येईना.

बुवा उठले. मला वाटलं, निघाले घरी. ते चालत विठूच्या टेबलापाशी गेले.

"विठू, तो आवाज खंय गेलो?"

"खंयचो आवाज, बुवा? देवेश गाताहा मां?"

"माझ्या चेडवाचो रे, गौरवीचो. तो नाय तर गाणा पातळ लागता."

विठू धावत आला. वायर हलवली तर मी खरखरलो. एका जागी वाकवून धरली की आवाज येई, सोडली की जाई. दुसरी वायर कुठे होती? आणि विठूला टेबल सोडून चालणार नव्हतं. तेव्हा बुवा, ज्यांच्या भजनाला गावंच्या गावं मान डोलावतात ते भिकाजीबुवा, स्टेजच्या कडेला मुलीच्या पायांजवळ मांडी घालून बसले. दोन्ही हातांत माझी वायर धरली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलले नाहीत. गौरवी त्यांच्याकडे पाहून गात होती. तिचे डोळे भरले होते, पण सूर तसूभर ढळला नाही.

सामान आवरताना विठू सवयीने माझी वायर कोपराभोवती गुंडाळू लागला. बुवांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सैलसर वेढे घालून सामानात ठेवली. मग मुलीला उद्याचं सांगून ठेवलं, "फाल्यां पेटीर बस. ती तुजी दुसरी वाट माका शिकय."

आता माझी वायर नवी आहे आणि मी अजून दुसऱ्याच स्टँडवर आहे. मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. माझ्या डोक्यावर टपल्या मारून हॅलो हॅलो करू नका. माझी वायर पिळू नका. आणि गाणं ऐकताना मागच्या आवाजाकडेही कान द्या, तो बंद पडायची वाट पाहू नका. चुकून पडलाच, तर आमच्या बुवांसारखे खाली बसा आणि वायर धरून ठेवा.