सगळ्यांचा एक पत्ता

मित्रांनो, ही २०२२ सालची गोष्ट आहे. मी एक जुना ईमेल पत्ता आहे. 'जयमाला रबर भोसरी' हे माझे नाव, आणि फुकट मेल देणाऱ्या एका कंपनीचे आडनाव. जयमालाताईंनी रबरी रिंगांचा छोटा कारखाना काढला, तेव्हा एका सायबर कॅफेत माझा जन्म झाला.

माझा मोठा थाट होता. ताईंच्या कार्डावर मी, टेम्पोच्या पाठीवर मी. ऑफिसात संगणक एकच. मेल आला की ताई मोठ्याने वाचत आणि ज्याचे काम तो तिथल्या तिथे उठे.

मग टाळेबंदी आली. ऑर्डरी सांभाळणारी प्राजक्ता पिंपळे सौदागरच्या घरातून काम करू लागली. ड्रॉइंग तपासणारा ज्ञानेश चाकणजवळ वाकीत, आपल्या घरी बसला. काम छान चालले, म्हणून टाळेबंदी उठली तरी दोघे घरीच राहिले. मी मात्र तिघांच्या फोनवर एकटाच, एकाच पासवर्डाचा.

नवा मेल माझ्यात ठळक अक्षरांत दिसतो. एकाने उघडला की सगळ्यांच्याच फोनवर तो फिका होतो. मग बाकीचे समजत, कुणीतरी पाहिले म्हणजे झाले.

एके दिवशी चाकणच्या कंपनीतून वर्षाराणी मॅडमनी रिंगेचे सुधारलेले माप पाठवले. ज्ञानेशने ते गोठ्यात उभ्याउभ्या उघडले आणि ताईंना फोन केला.

"ताई, चाकणचा मेल आलाय. बघतो."

"बघ," ताई म्हणाल्या.

ज्ञानेशच्या मनात होते, आपण माप तपासून बघायचे, कारखान्यात कळवायचे काम प्राजक्ताचे. ताई समजल्या, तोच सगळे निस्तरणार. प्राजक्ताला तर फिकी अक्षरे दिसली. रिंगा जुन्याच मापाने निघाल्या आणि आख्खा टेम्पो परत आला.

वर्षाराणी मॅडमचा फोन आला. "ताई, चूक होते. पण तुमच्याकडे मेल नेमका कुणाला करायचा, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या ऑर्डरीआधी एक नाव सांगा, नाहीतर मला दुसरीकडे जावं लागेल."

ती ऑर्डर गेली असती, तर अर्धा कारखाना बंद पडला असता. ताईंनी दोघांना भोसरीला बोलावले.

"आपापले फुकटचे पत्ते वापरू की," ज्ञानेश म्हणाला. "समद्यांकडं हायेतच."

"आणि उद्या तू नोकरी सोडलीस, तर माझं गिऱ्हाईक तुझ्या खिशातून जाणार?"

"मी कुठं जातोय ताई? म्हशी हायेत माझ्या."

"तुझ्या म्हशींच्या भरवशावर कारखाना चालवू व्हय?"

प्राजक्ताने सुचवले, कारखान्याच्या नावाचा मेल एखाद्या कंपनीकडून भाड्याने घेण्यापेक्षा ऑफिसातल्याच संगणकावर ठेवू, म्हणजे दरमहा भाडे नको.

"आणि गुरुवारी?" ताईंनी एवढेच विचारले.

गुरुवारी आमच्या भागातले कारखाने बंद असतात. बुधवारी कुलूप लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, हा ताईंचाच नियम, म्हणजे संगणकही बंद. बाहेरगावची गिऱ्हाइके मात्र गुरुवारीही मेल करतात. प्राजक्ता हसली. "खोडलं, ताई."

शेवटी कारखान्याच्या नावाचे, भाड्याचे मेल घ्यायचे ठरले. तिघांना वेगळे पत्ते, वेगळे पासवर्ड. ऑर्डरींसाठी एक सामाईक पेटी, पण मेल हाती घेणाऱ्याने त्यावर आपले नाव लावायचे. पत्ते उघडण्या-बंद करण्याच्या साऱ्या चाव्या ताईंकडे.

"आणि 'बघतो' बंद," ताईंनी बजावले. "'घेतलं' म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं."

वर्षाराणी मॅडमना प्राजक्ताचे नाव कळवले. त्यांची ऑर्डर आली, तिच्यावर लगेच प्राजक्ताचे नाव लागले आणि रिंगा नव्या मापाने चाकणला पोहोचल्या. या वेळी टेम्पो रिकामा परतला.

ज्ञानेश मला बंद करा म्हणत होता. "जुनी माणसं कुठं शोधतील आपल्याला?" असे म्हणून ताईंनी माझे मेल नव्या पेटीकडे वळवले आणि माझा पासवर्ड बदलून स्वतःपाशी ठेवला.

आता प्राजक्ता पुनावळ्याला राहते आणि ऑर्डरींचे सगळे तीच पाहते. ज्ञानेश पुढे मोठ्या कंपनीत गेला. ताईंनी त्याला पेढे दिले आणि त्याच संध्याकाळी त्याचा पत्ता बंद केला. एकही गिऱ्हाईक हलले नाही. वर्षाराणी मॅडमनीही कंपनी बदलली. तिथून त्यांची पहिली चौकशी प्राजक्ताच्याच नावाने आली. ताई अजून रोज कारखान्यात येतात, पण हल्ली दुपारी घरी जाऊन निवांत जेवतात.

मित्रांनो, जे सगळ्यांचे असते त्याला एक सांभाळणारा नेमून द्या. आणि माझ्यासारखा जुना पत्ता सोडाल, तेव्हा मागून येणाऱ्यांची सोय करून मगच सोडा. परवा सांगलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मला विचारले, "कारखाना चालू आहे ना?" मी मेल पुढे धाडला. त्यावर कुणाचे नाव लागले ते मला इथून दिसत नाही. पण लागले असणार, याची मला खात्री आहे.