मामांचे जंतू

तिसऱ्या मजल्यावरच्या सात पेशंटना आणि पाचव्यावरच्या एकाला एकच जंतू सापडला, आणि तोही असा मुजोर की चार-चार अँटिबायोटिकांना भीक घालेना. सिस्टरांनी खापर फोडलं ते मामांवर. खुब्याचं हाड मोडून ते सगळ्यांत आधी भरती झाले होते आणि वॉकर घेऊन दिवसभर खाटोखाटी गप्पा छाटत फिरायचे. त्यांची रवानगी कोपऱ्यातल्या खोलीत झाली.

मामांची भाची तळमजल्यावर जंतूंचीच डॉक्टर. ती गाऊन-हातमोजे चढवून भेटायला गेली, तर मामा फुरंगटून भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"वाळीत टाकलंय गं मला! मी काय जंतू वाटत फिरलो?"

"ते जंतूंनाच विचारते," भाची म्हणाली.

नात्याचा बोभाटा नको म्हणून तिने नावं झाकली, फक्त नंबर ठेवले आणि आठही नमुन्यांची जनुकं तपासायला घेतली. पाच दिवसांनी निकाल पाहून ती चक्रावलीच. जंतूचं नाव एक, पण घराणी सात! सहा जणांचे जंतू एकमेकांचे कुणीच लागत नव्हते. जुळले फक्त दोन नमुने. तिने नावं उघडली. एक मामा, दुसरा पाचव्या मजल्यावरचा रिटायर्ड बस ड्रायव्हर.

"सहा जणांच्या बाबतीत तू निर्दोष आहेस," तिने मामांना सांगितलं. "पण हा ड्रायव्हर कोण?"

मामांनी छताकडे पाहिलं. "व्यायामाच्या खोलीत भेटतो. भेटायचा. शब्दकोडं सोडवायचो."

"आणि?"

"पेन्सिल एकच होती. अडलं की तोही चावायचा, मीही."

भाचीने कपाळाला हात लावला, मग हसू आवरेना म्हणून खिडकीकडे वळली.

सिस्टर मामांना "चुकलं हो माझं" म्हणाल्या, पण पेन्सिल कचऱ्यात टाकायला स्वतः गेल्या. सगळ्यांना एकाच औषधाने हाकणं थांबलं. ज्याच्या जंतूला जे लागू पडेल ते सुरू झालं.

राहिला प्रश्न मामांचा. नियम असा, की अगदी एकाच घराण्याचे जंतू असलेल्यांना एका खोलीत ठेवायला हरकत नाही. दुपारी ड्रायव्हरची खाट ढकलत मामांच्या खोलीत आणली.

"या, या!" मामा उठून बसले. "आडवे सात, चार अक्षरी. कालपासून अडलोय."