सुईण पाहिजे

आई गेली आणि गावात सुईण उरली नाही. ग्रामपंचायतीने शिकलेली बाई नेमायचं ठरवलं. साप्ताहिकात द्यायची जाहिरात सरपंच रुपचंद नानांनी मला लिहायला सांगितली. मी जळगावच्या शाळेत शिकवते, शिवाय सुईणीची मुलगी. घरात वहिनीला आठवा महिना लागला होता. तिचं पहिलं मूल पायाळू होतं. आईच्या हातांमुळे वाचलं.

ओट्यावर बाया जमल्या.

"लेकुरवाळी पाहिजे, हाई पहिलं लिख," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुनी मायसारख्या शिव्या दिन्या तरी चाली."

आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले.

मी लिहिलं: राहायला खोली, माणसं मायाळू, पावसाळ्यात गिरणेला पूर आला की रस्ता बंद. 'लेकुरवाळी' तेवढं गाळलं. ज्या बाईला मूल नाही तिला काही कळत नाही, हे मला पटत नव्हतं. मलाही मूल नाही.

धुळ्याहून इंदिराबाई आल्या. चोवीस वर्षांच्या, हातात पत्र्याची पेटी.

"रस्ता बंद होतो हे तुम्ही आधीच लिहिलंत, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "इतर ठिकाणी गेल्यावर कळतं."

बाया त्यांना बघायला आल्या.

"बाई, तुले लेकरं कितला शेतस?"

"लग्न नाही झालं अजून. पण बाळंतपणं शंभरावर केली आहेत."

बाया एकेक करून उठल्या. मागे आम्ही दोघीच राहिलो.

"हे जाहिरातीत नव्हतं," इंदिराबाई म्हणाल्या.

"मी गाळलं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पेटी मात्र त्यांनी उचलली नाही.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. इंदिराबाई हात धुऊन आल्या तर वहिनीची आई, ताईबाई, दारात उभी.

"त्यांना आत जाऊ द्या," मी म्हणाले.

"तूच लिखं, तूच आनी तिले. आते तूच बस तिनाजवळ, बाहेर."

मी भिकनकडे, माझ्या भावाकडे, पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आईनंही हेच सांगितलं असतं, अक्का."

तसं सांगितलं असतं की नाही, मला माहीत नव्हतं. तिच्या कामाबद्दल मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

ताईबाईने आतून कडी लावली. वहिनी ओरडली. पहिलं मूल पायाळू होतं, हे मी इंदिराबाईंना सांगितलं होतं. त्या दाराला टेकून बसल्या आणि मोठ्यानं सांगू लागल्या, "पाय आधी दिसला तर ओढू नका. ऐकलंत का? ओढू नका."

आतून वहिनीचं कण्हणंच तेवढं ऐकू आलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.