हर्नियाचं ऑपरेशन

"यंत्र व्यवस्थित चालतंय," नागपूरचे डॉक्टर हात धूत म्हणाले.

"कोणतं यंत्र?" अल्काने विचारलं.

तिच्या नवऱ्याने, रत्नपालने, मान खाली घातली. हर्नियाचं ऑपरेशन म्हणून त्याने तिला सांगितलं होतं. मग डॉक्टरांनीच सावकाश सगळं सांगितलं. साखरेच्या आजाराने पुरुषपणाची ताकद गेली, म्हणून त्याने लिंगात पंपाचं यंत्र बसवून घेतलं होतं. यंत्र चांगलं होतं. दुखावली होती ती नस. म्हणून टोकाला बधिरपणा, आणि नुसतं कापड लागलं तरी आग.

"काढून टाकलं तर?" रत्नपालने विचारलं.

"काढता येईल. पण नस बरी होईलच, असं नाही. औषधाने आग कमी व्हावी. वेळ लागेल."

परतीच्या एसटीत कंडक्टरने ओळखून त्याला जागा दिली. अर्जुनी मोरगावची गाडी रत्नपालने वीस वर्षं चालवली होती. आता सीटवर टेकणंही सोसवत नव्हतं. तो दांडा धरून उभाच राहिला. अल्का शेजारची जागा रिकामी ठेवून खिडकीबाहेर पाहत होती.

घरी आल्यावर तिने पाणी दिलं आणि विचारलं, "काऊन केलं?"

"तुझ्यासाठी. तू दुसऱ्यांदा संसार मांडला. तुले वाटन, या माणसात काई रायलं नाही."

"मले काय वाटते, ते मलेच पुसाचं होतं ना."

दोघांचंही पहिलं माणूस गेलेलं. उतारवयात बुद्धविहारात साधं लग्न लागलं. रोज जेवणानंतर ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि तो रस्त्यातल्या गमती सांगायचा. ऑपरेशनपासून ती जवळ आली की तो सरकायचा.

"मले वाटलं, मी नकोशी झाली," अल्का म्हणाली. "बहिणीजवळ रडली मी."

रत्नपाल खाटेवर एका कुशीवर आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. ती मागे येऊन बसली.

"पाठीले दुखते का?"

"नाही."

तिने तळवा पाठीवर ठेवला. सवयीने तो आकसला, मग हळूहळू सैल झाला.

"मी पुसलं असतं तर?" भिंतीकडे पाहतच तो म्हणाला.

"नको म्हटलं असतं."

तिने हात काढला नाही.